अवकाशात राहायला शिकताना: सॅल्यूत, स्कायलॅब आणि पहिली पंधरा वर्षं

१९ एप्रिल १९७१ रोजी सोव्हिएत संघाने बायकोनूरच्या तळावरून 'सॅल्यूत-१' सोडलं. पृथ्वीभोवती फिरणारं, माणसाला राहता येईल असं हे जगातलं पहिलं अवकाशस्थानक. युरी गागारिनच्या उड्डाणाला तेव्हा नुकती दहा वर्षं झाली होती. स्थानक कक्षेत राहिलं १७५ दिवस. त्यात माणसांचा मुक्काम झाला तीन आठवड्यांहून थोडा अधिक, आणि तिथे राहिलेल्या तिघांपैकी एकही जण जिवंत परतला नाही.

हा इतिहास बहुधा विक्रमांच्या हिशेबात सांगितला जातो. कोण पहिलं, कोण किती दिवस राहिलं, कोणी कोणाला मागे टाकलं. ते सगळं खरं असलं तरी त्यातून मूळ अडचण कळत नाही. रॉकेट दमदार असेल तर वीस टनांचा डबा वर नेऊन ठेवता येतो. अवघड काम त्यानंतर सुरू होतं. त्या डब्यात माणूस पोचवायचा, त्याला हवा, पाणी, वीज पुरवायची, काही मोडलं तर तिथेच दुरुस्त करायचं आणि शेवटी त्याला सुखरूप खाली आणायचं. १९७१ ते १९८६ या पंधरा वर्षांत माणूस हे शिकला, आणि यातला जवळजवळ प्रत्येक धडा काहीतरी बिघडल्यावरच मिळाला.

मुळात स्थानकाची कल्पना विज्ञानासाठी पुढे आली असं वाटत असेल, तर ते अर्धंच खरं आहे. साठच्या दशकात अमेरिकेच्या हवाई दलाने कक्षेत फिरणारी एक हेरगिरीची प्रयोगशाळा आखली होती. त्यात माणूस बसून कॅमेऱ्याने शत्रूच्या तळांचे फोटो काढणार होता. तिला उत्तर म्हणून रॉकेट-अभियंते व्लादिमीर चेलोमेय यांच्या सोव्हिएत कार्यालयात 'अल्माझ' नावाचं लष्करी स्थानक तयार होऊ लागलं. अमेरिकेने आपला कार्यक्रम जून १९६९मध्ये रद्द केला. बिनमाणसांचे उपग्रह तेच काम स्वस्तात करू लागले होते. पुढच्याच महिन्यात अमेरिकी माणूस चंद्रावर उतरला. चंद्राची शर्यत हरलेल्या मॉस्कोला आता वेगळं काहीतरी दाखवायचं होतं आणि लवकर दाखवायचं होतं. मग अल्माझचे तयार सांगाडे घेतले, त्यात माणसं नेणाऱ्या सोयूझ यानाची यंत्रणा बसवली आणि साधारण सव्वा वर्षात सॅल्यूत-१ उभं केलं. ही घाई पुढे पदोपदी जाणवते.

पहिली परीक्षा होती दार गाठण्याची. सोयूझ-१० यान चारच दिवसांनी, २३ एप्रिलला तिघांना घेऊन निघालं. दोन यानं कक्षेत एकमेकांना जोडणं, म्हणजे डॉकिंग, हे आजही नाजूक काम आहे, आणि त्यामागचं गणित आपल्या रोजच्या अनुभवाच्या उलट चालतं. रस्त्यावर पुढच्या गाडीला गाठायचं तर वेग वाढवायचा. कक्षेत मागून जोर लावला तर यान वरच्या, मोठ्या कक्षेत ढकललं जातं. तिथे फेरी लांब आणि चाल संथ, त्यामुळे ते उलट मागेच पडतं. पुढच्याला गाठायचं असेल तर आधी थोडं खाली उतरावं लागतं. शर्यतीच्या गोल मैदानात आतल्या पट्टीतून धावणाऱ्याला कमी अंतर पडतं, तसं खालच्या कक्षेतलं यान फेरी लवकर पुरी करतं. असं करत करत जवळ यायचं, आणि शेवटचे काही मीटर इतक्या हळू सरकायचं की टक्कर होऊ नये, पण खटका मात्र बसावा.

खटका दोन टप्प्यांत बसतो. यानाच्या नाकावरचा दांडा स्थानकाच्या शंकूसारख्या खोबणीत शिरतो आणि अडकतो. हा पहिला टप्पा. मग दांडा आत ओढला जातो, दोन्हीकडच्या कड्या घट्ट मिटतात, हवाबंद सांधा तयार होतो आणि मधलं हवाबंद दार, म्हणजे हॅच, उघडून एकीकडून दुसरीकडे जाता येतं. सोयूझ-१०चा पहिला टप्पा झाला, दुसरा झाला नाही. यान स्थानकाला नुसतं लटकून राहिलं. साडेपाच तास खटपट करून तिघं परत फिरले. पुढच्या यानासाठी तो दांडा अधिक मजबूत करण्यात आला.

सोयूझ-११वर खरं तर दुसरेच तिघे जाणार होते. उड्डाणाच्या काही दिवस आधी वैद्यकीय तपासणीत व्हॅलेरी कुबासोव यांच्या फुप्फुसावर डाग दिसला, क्षयाची शंका आली आणि नियमाप्रमाणे पूर्ण तुकडीच बदलली. राखीव तुकडीतले गिओर्गी दोब्रोवोल्स्की, व्लादिस्लाव वोल्कोव आणि विक्तोर पात्सायेव ६ जून १९७१ रोजी निघाले आणि दुसऱ्या दिवशी स्थानकात शिरले. अवकाशस्थानकात पाऊल टाकणारी ही पहिली माणसं.

त्यांचे ते दिवस सोव्हिएत घराघरांत टीव्हीवर दिसत होते. तिघं व्यायाम करत होते, छोट्या रोपपेटीत जवसाची रोपं वाढवत होते, पात्सायेव दुर्बिणीवर काम करत होते. त्यांचा अडतिसावा वाढदिवस तिथेच साजरा झाला. मधल्या काळात स्थानकात धूर झाला, वायर जळल्याचा वास आला आणि परत निघावं लागतं की काय अशी वेळ आली, पण ते थांबले. व्यायामाच्या सरकत्या पट्ट्यावर कोणी पळायला लागलं की अख्खं स्थानक थरथरायचं, बाहेरचे सौर पंखे, म्हणजे उन्हापासून वीज बनवणारे पंखांसारखे पसरलेले फलक, डोलायचे. तरीही व्यायाम टाळता येत नव्हता. आदल्या वर्षी सोयूझ-९मध्ये अठरा दिवसांच्या आसपास राहून आलेल्या दोघांना खाली उतरल्यावर धड उभंही राहता येत नव्हतं. वजनरहित अवस्थेत हाडांवर आणि पायांच्या स्नायूंवर भारच येत नाही, आणि ज्याचा वापर नाही ते शरीर झिजू देतं. स्नायू आटतात, हाडांतला कॅल्शियम निघून जातो, हृदयही आळसावतं.

२९ जूनच्या रात्री तिघं परतीला लागले. निघताना हॅच पूर्ण मिटलेली नाही असं सांगणारा दिवा लागून राहिला. सगळ्यांचं लक्ष तिथे गेलं. हॅच पुन्हा उघडून मिटली, सेन्सरची खटपट केली, दिवा विझला. हॅच ठीकच होती.

दोष होता वेगळ्याच ठिकाणी. परतताना सोयूझचे तीन भाग सुटे होतात, आणि फक्त मधला, माणसं बसलेला भाग, म्हणजे कुपी, खाली येतो. हे भाग एकत्र धरणारे बोल्ट छोट्या स्फोटांनी तोडले जातात. ते पाठोपाठ उडायला हवे होते. ते एकदम उडाले. त्या धक्क्याने हवेचा दाब सारखा करणारा एक व्हॉल्व्ह उघडला. तो उघडायचा असतो जमिनीपासून काही किलोमीटरवर, बाहेरची हवा आत यावी म्हणून. इथे तो उघडला १६८ किलोमीटर उंचीवर, जिथे बाहेर हवाच नव्हती. कुपीतली हवा शिट्टीसारखा आवाज करत निघून गेली. व्हॉल्व्ह आसनांच्या मागे अडचणीच्या जागी होता आणि हाताने फिरवून बंद करायला लागणारा वेळ शुद्ध टिकण्याच्या वेळेपेक्षा जास्त होता. नंतर तो अर्धवट बंद केलेला सापडला. म्हणजे काय झालंय हे त्यांना कळलं होतं आणि कोणीतरी शेवटपर्यंत हात चालवत होतं.

कुपी ठरल्याप्रमाणे आपोआप उतरली. पॅराशूट उघडलं, कझाकस्तानच्या माळावर यान नीट टेकलं. मदतपथकाने दार उघडलं तेव्हा तिघं आपापल्या आसनांत होते. अवकाशाच्या हद्दीत, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, जीव गेलेली माणसं आजवर हीच तीन. हे कितीही वेळा वाचलं तरी पोटात तुटतं, कारण त्यांच्या अंगावर दाब धरून ठेवणारे पोशाख असते तर ते वाचले असते. पोशाख घातले तर सोयूझमध्ये तीन माणसं मावत नव्हती, म्हणून ते दिलेच नव्हते.

त्यानंतर सोयूझचं तिसरं आसन काढून टाकलं गेलं. चढताना आणि उतरताना दाबाचा पोशाख सक्तीचा झाला. पुन्हा तिघं बसू लागले ते १९८०मध्ये, यानाची नवी आवृत्ती आल्यावर. आज सोयूझमधून जाणारा प्रत्येक जण जो 'सोकोल' पोशाख चढवतो, तो या तिघांच्या मृत्यूनंतर तयार झाला. रिकाम्या सॅल्यूत-१चं इंधन संपत आलं होतं आणि दुसरी तुकडी पाठवण्याची सोय उरली नव्हती. ११ ऑक्टोबर १९७१ला ते मुद्दाम वातावरणात उतरवून जाळलं.

पुढची दोन वर्षं सोव्हिएत बाजूला काहीच धड झालं नाही. १९७२ला एक स्थानक रॉकेटच्या बिघाडात गेलं. एप्रिल १९७३मध्ये गेलेलं 'सॅल्यूत-२', जे प्रत्यक्षात लष्करी अल्माझ होतं, माणूस पोचायच्या आतच निकामी झालं. मे महिन्यातलं तिसरं कक्षेत जाताच स्वतःचं इंधन उधळून बसलं, आणि त्याला 'कॉसमॉस-५५७' असं उपग्रहाचं नाव देऊन प्रकरण झाकलं. ही तारीख होती ११ मे. तीनच दिवसांनी अमेरिकेने 'स्कायलॅब' सोडलं.

स्कायलॅब हे चंद्रमोहिमांच्या शिल्लक सामानातून बनलेलं घर होतं. सॅटर्न-५ रॉकेटचा एक टप्पा, ज्यात एरवी इंधन भरतात, तोच रिकामा ठेवून आत दोन मजले, झोपायच्या खोल्या, न्हाणीघर, जेवणाचं टेबल आणि सूर्याचा अभ्यास करणारी दुर्बीण जोडली होती. सॅल्यूतपेक्षा आतली जागा तिपटीहून जास्त. शिल्लक सामानातून इतकं मोठं घर उभं करण्याची ही हिंमत मला या सगळ्या कथेतली फार मोठी गोष्ट वाटते.

पण उड्डाणानंतर ६३ सेकंदांतच त्याचं बाहेरचं कवच हवेच्या माऱ्याने उखडलं. हे कवच बारीक उल्कांपासून बचाव करायला आणि ऊन अडवायला होतं. जाताना ते एक सौर पंखा पूर्ण घेऊन गेलं, आणि त्याचीच एक पट्टी दुसऱ्या पंख्यावर अशी आवळून बसली की तो उघडेनाच. आता घर उन्हात उघडं पडलेलं, वीज अपुरी. आतलं तापमान पन्नास अंशांच्या पुढे गेलं. अवकाश थंड असतं असं आपण ऐकतो, मग स्थानक तापतं कसं? निर्वात पोकळीत वारा नाही. ऊन अंगावर पडतं ते शोषलं जातं आणि उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो, किरणांच्या रूपाने. बाहेरचा पृष्ठभाग त्यासाठी नेमका आखलेला नसेल तर आतला भाग तापतच राहतो. नियंत्रकांनी स्थानक उन्हाकडून जरा वळवलं की तापमान उतरायचं, पण सौर पंख्यांवर ऊन कमी पडून वीज घटायची. परत वळवलं की उलट. असे दहा दिवस त्यांनी त्याला कसंबसं जिवंत ठेवलं.

त्या दहा दिवसांत नासाच्या ह्यूस्टनमधल्या कार्यशाळेचे प्रमुख जॅक किन्झलर यांनी एक छत्री तयार केली. सुरुवातीचा नमुना तर मासेमारीच्या, एकात एक सरकणाऱ्या गळकाठ्यांचा होता. स्थानकाच्या भिंतीत उपकरणं बाहेर काढण्यासाठी एक लहान झरोका होता. त्यातून मिटलेली छत्री बाहेर सरकवायची आणि बाहेर उघडायची. पीट कॉनराड, जोसेफ कर्विन आणि पॉल वाइट्झ २५ मेला गेले, छत्री उघडली आणि घर हळूहळू निवू लागलं. विजेचा प्रश्न मात्र राहिला. ७ जूनला कॉनराड आणि कर्विन बाहेर गेले. लांब काठीच्या टोकाला कातर लावलेली. ती अडकलेल्या पट्टीपर्यंत पोचवायची होती. आधार नसताना अशी काठी धरली तर काठी हलण्याऐवजी माणूसच हलतो, म्हणून कर्विन यांना आधी स्वतःला जखडून घ्यावं लागलं. पट्टी कापली गेली, तरी पंखा थंडीने आखडलेल्या सांध्यामुळे हलेना. मग दोघांनी त्याला दोर बांधून, दोराखाली शिरून, पाय रोवून ताण दिला. सांधा अचानक सुटला, दोघंही उडाले, सुरक्षादोरीने त्यांना धरलं, आणि पंखा उघडत गेला. दुसऱ्या ग्रहावर वस्ती वगैरेच्या गप्पा आपण ऐकतो. मला त्यापेक्षा हा प्रसंग जास्त भरवशाचा वाटतो, कारण अवकाशात माणूस नेण्याचं खरं समर्थन इथे दिसतं. हे काम त्या काळातलं कुठलंही यंत्र करू शकलं नसतं.

स्कायलॅबवर तीन तुकड्या राहिल्या: २८, ५९ आणि ८४ दिवस. पहिल्या तुकडीला रोज साधारण अर्धा तास व्यायाम होता, दुसरीला तास, तिसरीला दीड तास. सर्वांत जास्त दिवस राहिलेली तिसरी तुकडी परतल्यावर आधीच्यांपेक्षा बऱ्या अवस्थेत होती. आजही स्थानकावरची माणसं रोज दोन तासांच्या आसपास व्यायामाला देतात, त्याचं मूळ इथे आहे. या तिसऱ्या तुकडीने 'संप' केला अशी एक कथा फार फिरते. तसं काही झालं नव्हतं. वेळापत्रक मिनिटामिनिटाने भरलेलं होतं, माणसं मागे पडत होती, चिडत होती. डिसेंबर १९७३च्या अखेरीला त्यांनी जमिनीवरच्या लोकांशी मोकळेपणाने बोलून घेतलं, कामाची रचना बदलली आणि उरलेले दिवस उत्तम गेले. संपाच्या अफवेपेक्षा ही साधी गोष्ट जास्त कामाची आहे.

स्कायलॅबचा घात झाला तो त्याच्या बांधणीतल्या एका उणिवेने. अन्न, पाणी, प्राणवायू सगळं पहिल्याच दिवशी भरून पाठवलं होतं. वर पुरवठा करायची सोय नव्हती, आणि कक्षा पुन्हा उंच करायला स्वतःचं पुरेसं इंजिन नव्हतं. चारशे किलोमीटरच्या वरही विरळ हवा असते. ती स्थानकाला सतत किंचित अडवते, आणि दर फेरीला ते थोडं खाली येतं. सूर्य खवळला की वरचं वातावरण तापून फुगतं, आणि अडवणूक वाढते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला तेच झालं. नवं स्पेस शटल जाऊन त्याला वर ढकलेल असा बेत होता, पण शटल उडालं १९८१मध्ये. स्कायलॅब त्याआधीच, ११ जुलै १९७९ला कोसळलं. त्याची कक्षा विषुववृत्ताशी पन्नास अंशांचा कोन करणारी, म्हणजे भारत पूर्ण तिच्या टप्प्यात होता. साठी ओलांडलेल्या कोणालाही विचारा, 'स्कायलॅब पडणार' हे शब्द त्यांना आठवतील. अफवांना तेव्हा ऊत आला होता. तुकडे शेवटी हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या एस्परन्स गावाच्या आसपास पडले. कोणालाही इजा झाली नाही.

दरम्यान सोव्हिएत बाजू सावरली होती. सॅल्यूत-३ आणि ५ ही लष्करी स्थानकं होती. तिसऱ्यावर तर विमानात वापरतात तशा जातीची तोफ बसवलेली होती, आणि जानेवारी १९७५मध्ये स्थानक रिकामं असताना तिने गोळे झाडूनही पाहिले. सॅल्यूत-४वर एक तुकडी ६३ दिवस राहिली. पण खरं वळण आलं २९ सप्टेंबर १९७७ला गेलेल्या सॅल्यूत-६मुळे, आणि ते वळण म्हणजे एक जास्तीचं दार.

आधीच्या सॅल्यूतांना माणसांचं यान लावायला एकच जागा असायची. तिथे तुकडीचं स्वतःचं यान उभं. म्हणजे नवीन कोणी येऊ शकत नाही, सामान येऊ शकत नाही, आणि भरून नेलेलं संपलं की मुक्काम संपला. सॅल्यूत-६ला पुढे एक आणि मागे एक अशी दोन दारं होती. मागच्या दाराला 'प्रोग्रेस' नावाचं मालवाहू यान लागू लागलं. सोयूझचाच सांगाडा, पण माणसांची जागा काढून सुमारे २.३ टन सामान. पहिलं प्रोग्रेस २२ जानेवारी १९७८ला पोचलं. त्यात अन्न, पाणी, कपडे, पत्रं होती, आणि सर्वांत मोलाचं होतं ते इंधन.

अवकाशात इंधन भरणं ऐकायला सोपं वाटतं. पण वजनरहित अवस्थेत टाकीतलं द्रव तळाला बसत नाही. ते गोळ्यांच्या रूपात गॅसमध्ये मिसळून तरंगतं. नळी लावली तर द्रव येईल की गॅस, याचा भरवसा नाही. म्हणून टाकीच्या आत एक लवचीक पडदा बसवला. पडद्याच्या एका बाजूला द्रव, दुसऱ्या बाजूला दाबाखालचा नायट्रोजन. भरण्याआधी स्थानकाच्या टाकीतला नायट्रोजन पंपाने बाहेर काढून तिथला दाब कमी करायचा, मग प्रोग्रेसकडचा जास्त दाब द्रवाला आपोआप इकडे ढकलतो. नळ्या डॉकिंगच्या कड्यातूनच जोडल्या जातात, माणसाला बाहेर जावं लागत नाही. इंधन मिळालं म्हणजे स्थानकाला स्वतःची कक्षा वेळोवेळी उचलता येऊ लागली. ज्या कारणाने स्कायलॅब पडलं, त्यावरचा हा उपाय. काम झालं की प्रोग्रेसमध्ये कचरा भरायचा आणि त्याला वातावरणात जाळून टाकायचं. हीच पद्धत आजही चालू आहे.

दुसऱ्या दाराचा आणखी एक फायदा झाला, आणि त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. सोयूझ यान कक्षेत फार काळ ठेवता येत नसे, साधारण तीन महिने. त्याच्या लहान इंजिनांचं इंधन हळूहळू खराब होत जायचं. तुकडी मात्र सहा महिने राहणार. मग परतीचं यान भरवशाचं कसं ठेवायचं? उपाय असा की मध्येच एक पाहुणी तुकडी नवं यान घेऊन यायची, आठवडाभर राहायची, आणि जाताना जुनं यान घेऊन जायची. प्रत्येकाच्या शरीराच्या मापाने ओतलेला आसनाचा साचा एका यानातून काढून दुसऱ्यात बसवायचा, की झालं. अशी फेरी करायचीच आहे, तर त्यातलं एक आसन मित्रदेशांना का देऊ नये? चेकोस्लोव्हाकियाचे व्लादिमीर रेमेक मार्च १९७८मध्ये गेले. अमेरिका आणि सोव्हिएत संघ सोडून अवकाशात गेलेले ते पहिले. मग पोलंड, क्युबा, व्हिएतनाम, मंगोलिया.

आणि मग भारत. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ला युरी मालिशेव आणि गेन्नादी स्त्रेकालोव यांच्यासोबत सोयूझ टी-११मधून सॅल्यूत-७वर गेले. ११ एप्रिलला परतले ते टी-१०मधून. आपल्याकडच्या अनेक लेखांत ही यानांची अदलाबदल नुसती नोंदवून पुढे जातात. टी-१० फेब्रुवारीपासून वर उभं होतं, तिथे दीर्घ मुक्कामाला असलेल्या तिघांना ताजं यान हवं होतं, आणि शर्मांच्या तुकडीने ते पोचवलं. म्हणजे भारतीय अंतराळवीराची ती भेट स्थानक चालतं ठेवण्याच्या कामाचाच एक भाग होती. त्या आठ दिवसांत त्यांनी भारतीय भूमीची छायाचित्रं घेतली, आणि योगासनांचा स्नायूंवर होणारा परिणाम तपासला. सोबत मैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने केलेले पदार्थ होते.

सॅल्यूत-७ची सर्वांत मोठी कसोटी दहा महिन्यांनी आली. ११ फेब्रुवारी १९८५, स्थानक रिकामं, आणि जमिनीशी संपर्क तुटला. वीज पूर्ण गेली होती. वीस टनांची मुकी वस्तू हळूहळू गोल फिरत होती आणि आपली जागा स्वतः सांगू शकत नव्हती. एरवी डॉकिंगमध्ये स्थानक रेडिओने मार्ग दाखवतं, वळून तोंड समोर करतं. इथे ते काहीच करणार नव्हतं. व्लादिमीर जानिबेकोव आणि विक्तोर साविनीख ६ जूनला निघाले. तिसऱ्या आसनाच्या जागी जादा सामान भरलं होतं. जमिनीवरच्या रडारने त्यांना जवळ आणून सोडलं, पुढचं अंतर त्यांनी खिडकीतून हातातल्या लेझर मापकाने मोजलं. जानिबेकोव यांनी स्थानकाच्या फिरण्याशी आपलं यान जुळवत नेलं आणि ८ जूनला खटका बसला.

आत अंधार आणि गोठवणारी थंडी. तापमान शून्याच्या खाली, पाणी गोठलेलं. जमिनीवरून सूचना आली की थुंकून बघा. थुंकी काही सेकंदांत गोठली. लोकरी टोप्या आणि जाड कपडे घालून दोघं काम करू लागले. आणखी एक धोका होता, जो आपल्याला चटकन सुचणार नाही. हवा खेळवणारे पंखे बंद होते. पृथ्वीवर उच्छ्वासाची गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि ताजी तिची जागा घेते. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, कारण 'वर' असं काही नसतंच. आपणच सोडलेला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवती साचून राहतो आणि माणूस नकळत गुंगू लागतो. म्हणून एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने त्याच्यावर नजर ठेवायची.

बिघाडाचं कारण क्षुल्लक होतं. बॅटरी भरली की चार्जिंग थांबवणारा एक सेन्सर खराब झाला होता. तो सतत 'भरली' असं सांगत राहिला, सौर पंख्यांची वीज बॅटरीपर्यंत पोचलीच नाही आणि स्थानक उरलीसुरली वीज खाऊन थंड पडलं. आठपैकी सहा बॅटऱ्या वाचवण्यासारख्या होत्या. दोघांनी वायरींची टोकं मोकळी करून, गोठत्या बोटांनी ती पिळून, बॅटऱ्या थेट सौर पंख्यांना जोडल्या. पण सौर पंख्यांवर ऊन कसं पाडायचं? स्थानकाची वळण्याची यंत्रणा तर मेलेली. मग सोयूझची इंजिनं चालवून अख्खं स्थानकच उन्हाकडे वळवलं. बॅटऱ्या भरू लागल्या, दिवे लागले, हवेचे पंखे फिरले. त्यानंतर बर्फ वितळून भिंतीभिंतींवर पाणी साचलं. ते विजेच्या जोडण्यांत जाऊ नये म्हणून सापडेल त्या कापडाने पुसत राहावं लागलं. जूनच्या अखेरीला प्रोग्रेस येऊन पोचलं तोवर घर पुन्हा राहण्याजोगं झालं होतं. अवकाशातली याहून अवघड दुरुस्ती मला माहीत नाही.

फेब्रुवारी १९८६मध्ये पुढचं सोव्हिएत स्थानक 'मीर' गेलं. त्याला सहा दारं होती, म्हणजे नवे कक्ष जोडत वाढत जाणारं घर. त्याच वर्षी लिओनिद किझिम आणि व्लादिमीर सोलोव्योव यांनी असा प्रवास केला जो पुन्हा कोणी केलेला नाही. आधी मीरवर गेले, तिथून यान सोडवून सॅल्यूत-७वर पोचले, सात आठवडे राहून तिथली कामं उरकली, आणि कामाची उपकरणं घेऊन परत मीरवर आले. एका स्थानकावरून दुसऱ्यावर बिऱ्हाड हलवण्याची ही एकमेव घटना. सॅल्यूत-७ पुढे ७ फेब्रुवारी १९९१ला अर्जेंटिनावर कोसळलं.

सॅल्यूत-१चा वंश मात्र चालूच आहे. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाचा 'झ्वेझ्दा' हा कक्ष त्याच मालिकेतला आठवा सांगाडा आहे. त्याच स्थानकावर जून २०२५मध्ये भारताचे शुभांशु शुक्ला पोचले. भारताला २०३५पर्यंत स्वतःचं अवकाशस्थानक उभं करायचं आहे. त्या दिशेचं पहिलं पाऊल म्हणून इस्रोने १६ जानेवारी २०२५ रोजी प्रत्येकी सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले. मार्चमध्ये ते सोडवले, एप्रिलमध्ये पुन्हा जोडले आणि एकाकडून दुसऱ्याला वीजही दिली. माणसांसह डॉकिंग, मालवाहू यान आणि कक्षेत इंधन भरणं ही कामं अजून पुढची आहेत.